दर मार्चात ग्राफिक्स कार्ड का तापतं? आधी खोलीचा आकडा वजा करून पाहा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याचं हेच दुखणं असेल त्यानं पुढं वाचावं. होळी झाली की माझा डेस्कटॉप आजारी पडायचा. लग्नाचा व्हिडिओ रेंडरला, म्हणजे शेवटची फाईल बनवायला, लावला की पहिली दहा मिनिटं ठीक. मग टक्केवारी रेंगाळायला लागायची, कार्डाचे पंखे मळणी यंत्रासारखे ओरडायचे आणि एखाद्या दुपारी स्क्रीन काळी व्हायची. पंखे मात्र चालूच. पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. पाऊस बसला की सगळं आपोआप बरं. पुढच्या होळीला पुन्हा तेच.

मी अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग आणि अल्बमचं काम करतो. धंदा खरा एप्रिल-मे या दोन महिन्यांचा, आणि मशीन अंग टाकायची तीही याच दोन महिन्यांत. कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्ड राबवून नाणी कमावणं) बंद झालं, वापरलेली कार्डं बाजारात उतरली, त्या लाटेत घेतलेलं. कंपनीच्या कागदावर त्याची वीज १७० वॅट आणि कमाल तापमान ९३ अंश लिहिलेलं आहे. १७० हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पावसानं बरं केलेलं मशीन

२०२३ च्या उन्हाळ्यात मी सीपीयू उचलून तालुक्याला नेला. तिथल्या मेकॅनिकनं झाकण उघडून फुंकर मारली आणि म्हणाला, "भाऊ, पेस्ट सुकली असन." पेस्ट, म्हणजे चिप आणि तिच्यावरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा (हीटसिंक) यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलली. पुढं बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यानं पेस्ट प्रोसेसरची बदलली होती, कार्डाला हातही लावला नव्हता. पण त्या वर्षी पाऊस लांबला होता, मशीन घरी आलं जूनच्या अखेरीस, आणि त्याच आठवड्यात आभाळ भरलं. मशीन सुरळीत चाललं. पेस्ट लागू पडली असं त्यानंही मानलं, मीही मानलं.

२०२४ चा मे महिना आमच्याकडे कुणी विसरणार नाही. पारा ४५ च्या वर गेला होता आणि शेजारच्या अकोल्यात उन्हापायी १४४ कलम लावलं होतं. मशीन दिवसातून तीनदा पडायचं. या वेळी निदान झालं एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं. नवा एसएमपीएस घातला. सोबत मी स्वतःच्या अकलेनं कॅबिनेटला पुढून एक पंखा बसवला, तोही उलटा. हवा आत घ्यायच्या ऐवजी तो मागच्या पंख्याशी भांडत बाहेर फेकत होता. तरीही जुलैत मशीन बरं झालं! म्हणजे दोन्ही वर्षी इलाज पावसानं केला आणि पैसे मी दुसऱ्यांना दिले.

२०२५ च्या एप्रिलात स्क्रीन पुन्हा काळी झाली तेव्हा मी आफ्टरबर्नर (कार्डाचं तापमान बघायचं आणि पंखे-वॅट बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून बाबांना आकडा दाखवत होतो, हे बघा ८३, हे बघा ८४. बाबा ओसरीवर घाम पुसत बसले होते. म्हणाले, "अरे पण खोली किती तापली थे तं पाय आंधी." त्यांनी ते वैतागून म्हटलं होतं, कारण कुलर मी माझ्या खोलीत ओढून नेला होता. पण मुद्दा तोच होता, आणि दोन वर्षं तो ना मला सुचला ना कुठल्या मेकॅनिकला.

वजाबाकी

कार्डावरचा हीटसिंक काही फ्रीज नाही. तो उष्णता फक्त हवेत ढकलतो, त्यामुळे कार्ड कधीच आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हवेच्या तापमानावर ठरावीक अंश चढतात आणि तिथं ते थांबतं. किती चढतात हे दोनच गोष्टींवर ठरतं: कार्ड किती वॅट खातंय, आणि ती उष्णता बाहेर पडायच्या वाटेत किती अडथळा आहे. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत कार्ड ६५ दाखवत असेल, तर तेच निरोगी कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारच. त्यात कार्डाचा दोष काही नाही.

म्हणून नुसतं कार्डाचं तापमान पाहून आजार कळत नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करा. उरलेल्या आकड्याला मी फरक म्हणतो. वर्षभर फरक तोच राहिला तर तापलेली आहे ती खोली. फरक वाढला तर कॅबिनेटमध्ये किंवा कार्डात काहीतरी बिघडलंय.

थर्मामीटर मी मित्राच्या कोंबड्यांच्या शेडमधून आणला. पिल्लांसाठी तिथं चांगला डिजिटल असतो, दोनशेच्या आत मिळतो. भिंतीला टांगू नका. कॅबिनेट जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी, वीतभर अंतरावर ठेवा. माझ्याकडे भिंतीवर ३६ आणि टेबलाखाली कॅबिनेटच्या तोंडाशी ३९ असा तीन अंशांचा घोळ निघाला. मागून निघालेली गरम हवा टेबलाखाली अडकून पुन्हा पुढून आत जात होती.

मोजणी दर वेळी सारखी करा. पंख्याचा वेग आफ्टरबर्नरमध्ये ७० टक्क्यांवर पक्का करा, नाहीतर ऊन वाढलं की पंखा वाढतो आणि फरक खोटा कमी दिसतो. एकच काम चालवा. मी एका हळदीच्या व्हिडिओचा बारा मिनिटांचा तुकडा ठेवलाय, तोच दोनदा रेंडर करतो आणि पंधराव्या मिनिटाला आकडे घेतो. फरमार्क या चाचणीसारखा राक्षसी भार लावायची गरज नाही, आपलं रोजचं काम पुरतं. आकडे एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघतो, कारण त्यात कार्डाचं तापमान, हॉटस्पॉट (त्याबद्दल पुढं), वॅट आणि पंख्याचे फेरे एकाच ठिकाणी दिसतात.

आता इथं एक खड्डा आहे, मी त्यात पडलो होतो. पहिल्या दिवशी सकाळी सातला मोजलं: खोली ३३, कार्ड ८२, फरक ४९. दुपारी तीनला: खोली ४१, कार्ड ८३, फरक ४२. म्हणजे दुपारी कार्ड जास्त निरोगी? डोकं खाजवत बसलो. उत्तर वॅटच्या रकान्यात होतं. सकाळी कार्ड १६५ वॅट खात होतं, दुपारी १४१. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास आली की स्वतःच वेग आणि व्होल्टेज उतरवायला लागतात. दुपारी कार्ड काम टाकून स्वतःचा जीव वाचवत होतं. व्हिडिओ रेंगाळतो तो त्यामुळे. जीपीयू-झेड हे आणखी एक सॉफ्टवेअर उघडून कामगिरी कशानं अडली त्या रांगेत बघितलं तर तिथंही उष्णतेचाच शिक्का.

म्हणून फरकाला वॅटनं भागा. सकाळी ४९ भागिले १६५, म्हणजे ०.३०. दुपारी ४२ भागिले १४१, तेही ०.३०. हा आकडा ऊन-सावली बघत नाही. एका वॅटमागं कार्ड किती अंश चढतं एवढंच तो सांगतो, आणि साफसफाईनंतर तो खाली आला तरच इलाज झाला म्हणायचं. पाऊस आला म्हणून तो बदलत नाही. मला दोन वर्षांपूर्वी हा एक भागाकार कुणी शिकवला असता तर एसएमपीएसचे पैसे वाचले असते.

दुसऱ्याच्या कार्डाशी ०.३० ची तुलना करत बसू नका. तीन पंख्यांचं मोठं कार्ड आणि एका पंख्याचं आखूड कार्ड यांचे आकडे वेगळे येणार. तुमच्या कार्डाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी. जुना आकडा नसेल तर आजचा लिहून ठेवा.

झाकण काढून बघणं

पहिली तपासणी फुकट आहे. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि पुन्हा तीच मोजणी करा. फरक पाच अंशांहून जास्त उतरला तर कॅबिनेट गुदमरलंय. फारसा हलला नाही तर गडबड कार्डातच आहे.

माझा ४९ वरून ४५ वर आला. म्हणजे थोडं कॅबिनेटचं, जास्त कार्डाचं. कॅबिनेटचा भाग लगेच सुटला. उलटा पंखा सुलटा केला. पंख्याची हवा ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या काड्या असतात त्या बाजूनं बाहेर पडते. शंका असेल तर उदबत्ती धरा, धूर कुठं ओढला जातो ते दिसतं. कॉम्प्युटर टेबलाच्या सीपीयूच्या कप्प्याची मागची फळी काढून टाकली. आणि आईनं धूळ बसू नये म्हणून जुन्या नऊवारीचं शिवलेलं कव्हर, जे मी मागून थोडं वर करून मशीन चालवत होतो, ते घडी करून कपाटात गेलं. आई दोन दिवस बोलली नाही.

मागच्या पंख्याबद्दल एक सांगून ठेवतो. चुलत बहिणीच्या लग्नाला दहा दिवस मशीन बंद होतं, परत आलो तर मागचा पंखा फिरेना. कुंभारीण माशीनं त्याच्या पात्यावर मातीचं घर बांधलं होतं, आत अळ्या भरून. कॅबिनेट बरेच दिवस बंद राहणार असेल तर मागच्या बाजूला जाळी लावा.

कापूस

झाकण काढून टॉर्च मारला तर कार्ड वरून स्वच्छ. मेकॅनिकनं दोन्ही वर्षी हेच बघितलं असणार. पण पंख्यांचं प्लॅस्टिकचं आवरण सोडवलं आणि हीटसिंकच्या पात्यांवर पिंजाऱ्यानं पिंजून ठेवावा तसा राखाडी थर निघाला. बोटानं उचलला तर अख्खी पट्टी सोलून आली, गोधडीच्या तुकड्यासारखी. माती होती, पण तिला बांधून ठेवणारा होता कापूस.

आमच्याकडे वेचणी दसरा-दिवाळीपासून सुरू होते, ती माघापर्यंत चालते. भाव पडलेला असला की कापूस विकायचा नाही, घरात भरून ठेवायचा. मधल्या खोलीत छताला टेकेपर्यंत गंजी, आणि माझं मशीन त्याच खोलीच्या दाराशी. हिवाळाभर घरात तंतू उडतात, अंगाला खाज सुटते, डाळीत कापूस निघतो. कार्डाचे पंखे तेच तंतू ओढून पात्यांच्या तोंडाशी लावत होते. मग त्या जाळीवर धूळ बसत होती.

म्हणजे मशीनला आजार होत होता डिसेंबरात. तेव्हा खोली १९ अंश, त्यावर ४९ चढले तरी कार्ड ६८, कुणाला शंका येणार? एप्रिलात खोली ४१ झाली की तोच आजार कार्डाला ९० कडे ढकलायचा, कार्ड ८३ लाच वेग उतरवायचं आणि आजार उघडा पडायचा. मी दर वर्षी उन्हाळ्यात कारण शोधत होतो, आणि कारण हिवाळ्यात येऊन बसलेलं असायचं.

साफ करताना लोक सीपीयू सरळ पंक्चरच्या दुकानात नेतात आणि टायरची हवा मारतात. मीही नेला आहे. दोन तोटे. त्या टाकीत पाणी आणि तेल साचलेलं असतं, ते फवाऱ्यासारखं बोर्डावर येतं. दुसरं, जोराच्या हवेनं कापसाचा थर निघत नाही, पात्यांच्या आत ठासून बसतो. आधी चिमट्यानं थर सोलून काढा, मग मऊ ब्रशनं, आणि शेवटी हातातल्या ब्लोअरनं हलकी हवा, आतून बाहेरच्या दिशेनं. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो हवेनं भलत्या वेगानं फिरतो, बेअरिंग खराब होतं, आणि उलट वीज बोर्डात जायचा धोका वेगळाच.

थर काढून पुन्हा मोजलं: फरक ४९ वरून ४३. पंखा सुलटा केल्याचा वाटा यातच आला.

हॉटस्पॉट आणि पेस्ट

अजून एक आकडा बाकी होता. चिपवर बरेच सेन्सर असतात, त्यातल्या सर्वांत गरम जागेला हॉटस्पॉट म्हणतात. कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट यांच्यात भाराखाली साधारण १० ते १५ अंशांचं अंतर असतं. पहिल्या सकाळी माझ्याकडे कार्ड ८२ आणि हॉटस्पॉट १०४ होता, अंतर २२. थर काढल्यावर दोन्ही आकडे उतरले, पण अंतर २१ च राहिलं. धुळीनं हे अंतर फारसं वाढत नाही. ते वाढलं तर समजायचं की चिप आणि हीटसिंक नीट चिकटलेले नाहीत. दररोज तापून-निवून पेस्ट हळूहळू कडेला सरकते, मध्ये कोरडी जागा उरते. मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेल्या कार्डाचं तसं झालं तर नवल नाही.

कार्ड उघडणं हे प्रोसेसरची पेस्ट बदलण्याइतकं सोपं नाही, आणि वॉरंटी चालू असेल तर हात लावू नका. चिपच्या चारी बाजूंचे स्प्रिंगचे स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करायचे. हीटसिंक एकदम ओढायचा नाही, पंख्याची वायर आखूड असते आणि तिचा जॅक नाजूक. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे ते असतंच. मेमरीवरच्या निळ्या-करड्या मऊ पट्ट्यांना, म्हणजे थर्मल पॅडना, फाटू देऊ नका. फाटले आणि नवे घ्यायचे झाले तर जाडी मोजूनच घ्या. जरा जाड पॅड बसवले तर हीटसिंक त्यांच्यावरच टेकतो, चिपवर पुरता दाबला जात नाही, आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा वाईट होतो. पेस्ट जरा घट्ट जातीची घ्या, पातळ पेस्ट लवकर सरकते. टूथपेस्ट किंवा व्हॅसलीनचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

पेस्टनंतर अंतर १२ वर आलं आणि फरक ४० वर. ४० भागिले १६५, ०.२४. मी तो आकडा लग्नपत्रिकेच्या पाठीवर तारखेसकट लिहिला. भिंतीवर चिकटवलेली ती पत्रिका आता माझी वही झाली आहे.

तरीही ४१ अधिक ४०

हिशेब करा. कार्ड पूर्ण निरोगी झालं तरी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोली ४१-४२ असली की ८१-८२. काठावरच. इथून पुढं दोनच रस्ते: वॅट कमी करा, नाहीतर खोली.

वॅट कमी करणं सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते उन्हाळ्यात प्रत्येकानं करावं. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी आहे, ती ७५ वर आणली. १७० चे साधारण १२७ वॅट झाले. ०.२४ नं गुणा, फरक ३० वर उतरतो. मोजला तर ३१ आला. नऊ अंश एका पट्टीनं! किंमत काय मोजली? वीस मिनिटांच्या रेंडरला सव्वा मिनिट जास्त. आधी दुपारी कार्ड स्वतःहून वेग उतरवत होतं तेव्हा यापेक्षा जास्तच वेळ जात होता. शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ काढायला कार्डाला व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून वरचा थोडा वेग सोडला की ताप बराच उतरतो.

याहून बारीक काम करायचं असेल तर व्होल्टेजचा आलेख उघडून कमी व्होल्टेजला ठरावीक वेग बांधता येतो. माझं कार्ड ८५० मिलीव्होल्टला १७५० मेगाहर्ट्झवर टिकतं. तुमचं टिकेलच असं नाही, प्रत्येक चिपची जात वेगळी. थोडं थोडं उतरवा, दोन-तीन तास खरं काम करून बघा, मगच लग्नाचा मूळ डेटा त्याच्या भरवशावर ठेवा.

खोली आणि कुलर

आमच्या घराचा पुढचा भाग टिनाचा, मागं कवेलू, म्हणजे कौलं. मशीन टिनाखाली होतं, कारण रस्त्याकडे दुकान हवं. कवेलूच्या खोलीत हलवलं तर दुपारी चार अंश कमी. ज्यांना हलवता येत नाही त्यांनी टिनावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) थर टाकावा, आमच्या गोठ्यावर दर वर्षी टाकतात, जनावरांना जमतं ते मशीनलाही जमेल. स्लॅबच्या घरात संध्याकाळी ऊन गेलं म्हणून रेंडर लावू नका, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत भाजत असते. पहाटे दोन ते सात ही खरी वेळ. आणि दार-खिडक्या बंद करून मशीन चालवू नका. पूर्ण भारावर अडीच-तीनशे वॅट खाणारं मशीन म्हणजे त्या खोलीत तेवढ्याच वॅटचा हीटर लावल्यासारखं आहे.

कुलरबद्दल लोक दोन टोकं गाठतात. कुणी म्हणतं ओलाव्यानं बोर्ड जळतो, कुणी कुलरचं तोंड थेट कॅबिनेटवर करतं. मे महिन्यात हवा कोरडी ठक्क असते, त्यामुळे कुलर खरंच काम करतो. बाहेर ४३ असताना माझ्या कुलरच्या तोंडाशी २९ मोजलेत, खोली ३३-३४ वर येते. गरम कार्डावर त्या हवेनं दव धरत नाही, कारण कार्ड हवेपेक्षा गरमच असतं. भीती आहे ती तुषारांची. आणि आमच्याकडे तर खारपाणपट्टा, पूर्णेच्या काठचं खारं पाणी. महिन्याभरात वाळ्याच्या टट्ट्या पांढऱ्या पडतात. तेच मीठ तुषारांतून बोर्डावर बसलं तर गंज धरतो. कुलरचं तोंड भिंतीकडे किंवा माणसाकडे करा, कॅबिनेट त्याच्या सरळ रेषेत नको, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. पावसाळा लागला की कुलरमध्ये पाणी बंद, नुसता पंखा. तेव्हा हवेतच ओल असते, पाणी उडायला जागा राहत नाही.

काळी स्क्रीन नेहमी उष्णतेची नसते

हे न तपासता कार्ड उघडू नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंद चालू करून ठेवा, ते दर दोन सेकंदांनी आकडे फाईलमध्ये लिहितं. मशीन पडल्यावर फाईलची शेवटची ओळ बघा. तिथं कार्ड ८८-९० आणि हॉटस्पॉट ११० च्या घरात असेल तर उष्णता. शेवटच्या ओळीत कार्ड ७० असेल आणि मशीन अख्खं बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल, तर लाईनकडे बघा. विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ असा लाल शिक्का दिसतो, त्यावरून लोक एसएमपीएस बदलतात. मी बदललाच होता. पण तो शिक्का एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. का, ते सांगत नाही. बटण दाबून धरून बंद केलं तरी तो उमटतो.

मे महिन्यात साऱ्या गावाचे कुलर एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असतात. दुपारी माझ्या मीटरवर १७० व्होल्ट पाहिलेत. चांगला एसएमपीएस तेवढ्यावर चालतो, पण कमी व्होल्टला जास्त करंट ओढतो आणि स्वतः तापतो. शेजारचा मोटारपंप सुरू होताना जो झटका बसतो त्यात पडला तर पडला. स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टरही काही एसएमपीएसना झेपत नाही, लाईन गेली की मशीन त्याच क्षणी बंद पडतं. यावर कार्डाची पेस्ट बदलून काय होणार?

या हिवाळ्यात

कापूस यंदाही घरात भरला. मशीन कवेलूच्या खोलीत आहे, पण तंतू तिथंही पोचतात. पुढच्या पंख्यावर गाळणी म्हणून आधी आईच्या सुती साडीचा तुकडा लावून पाहिला. फरक नऊ अंशांनी वाढला, अर्ध्या दिवसात काढला. मग नायलॉनच्या मच्छरदाणीचा एकेरी तुकडा लावला. फरक दोनच अंशांनी वाढला, आणि जाळी दर आठवड्याला कापसानं पांढरी होते. सोडायची, धुवायची, वाळवून लावायची. ज्या आठवड्यात विसरलो त्या आठवड्यात आकडा ०.२७ झाला होता. खोली २०, कार्ड ६५. नुसतं ६५ बघून मी जाळीकडे वळलो नसतो, पत्रिकेवरच्या ०.२४ मुळे वळलो.

कार्डाच्या दोन पंख्यांपैकी डावा मायनिंगपासूनच थोडा डुलतो, थंडीपासून सुरू होताना खरखरतोय. त्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर लिहून घेतलाय, तोच नंबर बघून पंखा मागवलाय. तो येईपर्यंत आवरण काढून, कॅबिनेटचे दोन १२० मिलीमीटरचे पंखे झिपटायनं थेट हीटसिंकला बांधलेत. दिसायला भयंकर आहे. आता ऊन तापू लागलंय. परवा दुपारी मोजलं: खोली ३६, कार्ड ६६, वॅट १२६. पत्रिकेवर लिहिलं, ०.२४.